बेचाळीस सांधे

गॅस कंपनीचा तपासनीस चौथ्या खेपेला आला तेव्हा तिने त्याला चहाही विचारला नाही. पहिल्या खेपेला त्याने कुंपणाची उंची मोजली होती. दुसऱ्या खेपेला त्याला धोक्याच्या पाटीवरची अक्षरं लहान वाटली. तिसऱ्या खेपेला कागदपत्रं पाहून झाली आणि सहीचं पेन ऑफिसात राहिलं म्हणाला. दुसऱ्याच्या पेनाने तो सही करत नसे. तिसऱ्या आणि चौथ्या खेपेच्या मधल्या पाच आठवड्यांत तिचे बाबा गेले.

लोक बाबांना ‘शेणसाहेब’ म्हणत. गोठ्यांतलं शेण आणि मंडईतला सडका भाजीपाला बंद टाकीत कुजवायचा, त्यातून निघणारा गॅस शुद्ध करायचा आणि रस्त्याखालून जाणाऱ्या कंपनीच्या पाइपात सोडायचा, हे त्यांचं वेड. टाकी उभी राहून दीड वर्ष झालं होतं. रोज अकराशे घरांचा स्वयंपाक होईल इतका गॅस निघत होता, पण पाइपाला जोडायची परवानगी नव्हती. म्हणून तो आवाराच्या कोपऱ्यातल्या उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकावा लागे. भर उन्हात ती ज्योत दिसत नाही, नुसती वरची हवा थरथरते. ती थरथर पाहिली की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

“आता फक्त गळतीची तपासणी राहिली,” तपासनीस म्हणाला. “एकूण एक सांधे दाखवा.”

“बेचाळीस आहेत,” बाबांच्या हाताखालचे फिटरकाका म्हणाले. “तोंडपाठ.”

पाइपांचे बेचाळीस सांधे. बाबा रोज सकाळी फिटरकाकांना घेऊन ब्रशने प्रत्येकाला साबणाचं पाणी लावत, वाकून पाहत आणि वहीत लिहीत : बुडबुडा नाही. ते दवाखान्यात गेल्यापासून फिटरकाकांनी एकट्यानेही हा नेम एक दिवस चुकवला नव्हता.

तपासनिसाने कॅमेरा काढला. डोळ्यांना न दिसणारा गॅस त्याच्या पडद्यावर काळ्या धुरासारखा दिसे. एकेक सांधा पाहून तो फॉर्मातल्या चौकटीत खूण करत होता.

“चौकटसाहेब,” फिटरकाका तिच्या कानाशी पुटपुटले. “बायकोशी बोलतानाही खूण करत असेल.”

“तुमचा गॅस दीडपट महाग पडतो, मॅडम,” तपासनीस खाली वाकूनच म्हणाला. “जमिनीतला स्वस्त मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?”

“जमिनीतला काढला नाही तर तो जमिनीतच राहतो. शेण उघड्यावर कुजलं की त्यातला गॅस हवेत जातोच, आणि जाळल्यापेक्षा कितीतरी पटींनी हवा तापवतो. तो अडवायचा म्हणून हा उपद्व्याप.”

वाक्य बाबांचं होतं, शब्दन् शब्द. आवाजही त्यांच्यासारखाच चढला होता.

बेचाळिसावा सांधा झाला. कुठेही धूर नव्हता. तपासनिसाने खिशातून पेन काढलं, स्वतःचंच.

फिटरकाकांना हर्ष मावेना. “साहेब, आता तरी चहा घ्या! चला त्या कट्ट्यावर. सांधे झाले की मोठे साहेब रोज तिथेच बसायचे कप घेऊन.”

तिने कट्ट्याकडे पाहिलं. तो खड्ड्याचा कठडा होता. टाकीत कुजून उरलेला रबडा त्या उघड्या खड्ड्यात पडे आणि तिथून शेतांवर जाई. बाबा अभिमानाने म्हणत, “हुंगून बघ, वास आहे का? वास गेला म्हणजे गॅस गेला.”

रबड्यावर एक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला. शेजारी दुसरा आला.

शुद्ध गॅसला वास नसतो, लोकांना गळती कळावी म्हणून वास मागाहून घालतात, हे पाहुण्यांना दहादा सांगणारे बाबाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून तिने या विषयावरचं जे हाती लागेल ते वाचलं होतं. उरलेला रबडाही कितीतरी दिवस गॅस सोडत राहतो, तेही वाचलं होतं. आपल्या खड्ड्याचा विचार मात्र तिच्याही मनात आला नव्हता.

पेनाचं टोपण निघालं होतं.

“कॅमेरा जरा खड्ड्याकडे धरता?” ती म्हणाली.

“फॉर्मात खड्डा नाही.”

“ताई,” फिटरकाका दबक्या आवाजात म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“धरा, साहेब.”

त्याने वैतागून कॅमेरा वळवला. पडदा काळा झाला. खड्ड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धूर उठत होता, संथ आणि जाड.

“हे मी पाहिलं नसतं तर सही केली असती,” तपासनीस म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी माणसासारखं होतं. “आता नाही करता येणार. खड्डा झाका, वरचा गॅस टाकीत घ्या, नवा अर्ज द्या. चार महिने धरून चाला.”

त्याची गाडी गेली. फिटरकाकांनी ब्रश बादलीत आपटला. “तोंडाशी आलेला घास, ताई! मोठे साहेब असते तर...”

“तर त्यांनीच कॅमेरा वळवला असता. त्यांना फक्त कोणी सांगितलं नाही.”

“आणि हे दीड वर्ष? बेचाळीस सांध्यांना साबण लावून गुडघे गेले माझे!”

तिलाही राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. तपासनिसावर काढणं सोपं होतं, पण आज ते खरं ठरलं नसतं. तिने वही उघडली. ‘बुडबुडा नाही’च्या ओळीखाली लिहिलं : त्रेचाळीस. खड्डा. बुडबुडे आहेत.

मग तिने बाबांच्या खणातून मोजपट्टी आणली. टोक फिटरकाकांच्या हाती दिलं आणि ती कठड्याच्या कडेने चालू लागली. पट्टी निम्म्यातच संपली.

“लांब पट्टी नाही का?”

“नाही. बाबा हीच वापरायचे.”

“म्हणजे दोनदा मोजायचं,” फिटरकाका करवादले, आणि खडूचा तुकडा शोधायला खिसे चाचपू लागले.