सरुबाईंच्या भुईचाफ्याची राखण

कसब्यात सरुबाईंच्या परसात भुईचाफ्याचे कंद होते. थंडीत याची पानं वाळून जातात आणि वर नुसती माती राहते. कुणाचा पाय पडू नये म्हणून बाईंनी भोवती खापऱ्यांचं कडं केलं होतं. चैत्रात त्याच मातीतून, एकही पान नसताना, फूल वर येतं. सकाळी उमलतं, ऊन चढलं की मान टाकतं.

पेठेतल्या बागवेड्या बायकांची एक रीत होती. कंद मागायचा नाही आणि द्यायचाही नाही. मागून नेलेला कुजतो, चोरून नेलेला फुटतो, अशी सगळ्यांची खात्री. ज्याला हवा त्याने उचलावा, मालकिणीने तेवढा वेळ दुसरीकडे बघावं. दुसऱ्या दिवशी मात्र दारात उभं राहून, नाव न घेता, चोराला मोठ्याने शिव्या घालायच्या. त्याशिवाय कंद धरत नाही. सरुबाई एकादशा करणाऱ्या, माळ ओढणाऱ्या विधवा. पण हे कामही त्या मन लावून करीत.

शेजारच्या हिंदुरावांना या शिव्या ऐकू येत, रीत ठाऊक नव्हती. ते शिलेदार. खर्ड्याच्या लढाईत गुडघा गेला, तेव्हापासून इथे बिऱ्हाड केलेलं. बायको मैना अंथरुणाला खिळलेली. वैद्यबुवा हल्ली नाडी बघत आणि पुडी न देता उठत. मैना मुळशी खोऱ्यातली. "माहेरी अंगणात भुईचाफा होता. एकदा दिसायला हवा होता," एवढंच ती एकदा म्हणाली.

माघातल्या एका सकाळी हिंदुराव पागोटं नीट बांधून आले.

"बाई, एक कंद द्या. मैनेला हवा हाय."

"द्यायचा नसतो, हिंदुराव."

हिंदुरावांचा चेहरा उतरला. ते वळले.

"अहो, द्यायचा नसतो म्हटलं. न्यायचा नसतो असं म्हटलं का मी?"

"न विचारता? लुटीत हात घातलाय बाई, पण शेजाऱ्याच्या परसात न्हाई."

सरुबाईंनी थोडा विचार केला. "बरं, मी रोज तिसऱ्या प्रहरी कीर्तनाला जाते. तेवढा वेळ परसात बसाल का? चोर फार झालेत."

हिंदुराव बसले. काठी घेऊन, खापऱ्यांच्या कड्याला लागून. तीन दिवस बाई देवळातून परतल्या की ते उठून सांगत, "एकबी गेला न्हाई." बाई कपाळाला हात लावत.

चौथ्या दिवशी देवळात बुवांनी लोणीचोरीचं आख्यान लावलं होतं. झांज थांबवून त्यांनी विचारलं, "गवळणींना चोर माहीत होता. मग दाराला कडी का नव्हती, सांगा बरं?" सभा हसली. सरुबाई शेजारी बसलेल्या बायडाबाई माळणीच्या कानाशी लागल्या. "आमचा शिलेदार गोकुळात राखणीला असता, तर देव उपाशी राहिला असता गं." आणि तीन दिवसांची हकिकत सांगितली.

बायडाबाई आख्यान अर्धं टाकून उठली. कीर्तनातून मध्येच उठणं तिला जड गेलं. तिने उंबऱ्याला हात लावून माफी मागितली. मग मागच्या गडग्यावरून ती परसात उतरली. हिंदुरावांचा जरा डोळा लागला होता. दोन कंद पदरात येईतो मनगट धरलं गेलं.

"चोर! चोर!"

"बोंबलू नका, शिलेदार. तुमच्याच घरी चाललंय हे."

"माझ्या घरी चोरीचा माल?"

"चोरलेलाच जगतो म्हणून तर बाईंनी तुम्हाला इथं बसवलं. तुमच्या जागी आमचे मालक असते तर चार कंद लावून मोकळे झाले असते! चैत्रात मैनावैनींनी काय बघायचं, फूल का तुमचा खरेपणा?"

हिंदुरावांनी मनगट बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडलं. भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले. बायडाबाई गडगा चढून गेली, तरी मागे वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरुबाई दारात आल्या. "मेल्याचे हात झडोत! सात पिढ्यांत फूल दिसू नये त्याला!" घटकाभर चाललं. आपल्या परसात कंदांच्या नव्या मातीला पाणी घालणाऱ्या हिंदुरावांची मान प्रत्येक शिवीला खाली जात होती.

मैना आतून म्हणाली, "मोठ्यानं घालताहेत. धरेल."

धरला. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी पहिलं फूल आलं. हिंदुरावांनी मैनेला उचलून घोंगडीवर आणून बसवलं. तिने खूप वेळ पाहिलं.

"आमच्याकडचा जास्त जांभळा होता."

"असंल," हिंदुराव म्हणाले.

ऊन वर आलं. आत नेऊ का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ती नको म्हणाली. पाकळ्या पार मऊ होऊन मातीला टेकल्या, तेव्हा तिने त्यांच्याकडे हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दुसरं फूल आलं. तेही तिने पाहिलं. तिसरं आलं त्या सकाळी हिंदुराव परसात एकटेच बसले होते.