अर्पाचं काय झालं

बसा भाऊ, चहा सांगतलाच हाय, तवर एका बाईची गोष्ट सांगतो. खून नाई, मारामारी नाई, पळून जाणंही नाई. न पळण्याची गोष्ट हाय, अन् ते लय जड असते.

तर गुरुवारची दुपार. सुभद्रा मांडीवर बायबल घेऊन सासूच्या खाटेपाशी बसली, अन् समोर सतरंजीवर मोहल्ल्यातल्या आठ-नऊ बाया. खाटेवरून सासू म्हणते, "वाच वं. रूथचंच वाच."

अमरावतीतलाच मोहल्ला हाय. नावं आपल्यासारखीच, पण घरं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी तिथं भाजीचा गाडा फिरवतो, म्हणून मले सारं ठाऊक. सुभद्रा एका दवाखान्यात आया. नवरा श्याम नऊ वर्षांमांगं काविळीनं गेला, लेकरू नाई. मांगं राहिली सासू, पार्बताबाई. तिचं खुब्याचं हाड मोडलं तवापासून चार वर्षं ती खाटेवर. तिचं हागणं-मुतणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सारं सुभद्राच्याच हातचं.

त्या बायांची एक रीत हाय. दर गुरुवारी एकीच्या घरी जमायचं, एकीनं उतारा वाचायचा, अन् त्यातून आपण काय घेतलं, हप्ताभर काय करणार, ते सर्वांसमोर बोलायचं. नुसतं 'चांगलं वाटलं' चालत नाई. शेजारच्या वर्षालीनं एकदा शेजाऱ्यावर प्रेम करायचा उतारा घेतला, अन् शेजारणीले आपला कुकर देऊन बसली. कुकर वापस आला, शिट्टी अजून आली नाई.

पण सुभद्राच्या घरचा उतारा ठरलेला. नामी नावाची एक म्हातारी. परमुलखात तिचा नवरा मेला, दोन्ही पोरं मेली, राहिल्या दोन सुना. म्हातारी आपल्या गावाले निघाली. एक सून, अर्पा, सासूच्या गळ्यात पडून रडली अन् माहेरी वापस गेली. दुसरी रूथ. तिनं सासूले सोडलं नाई. तू मरशीन तिथं मी मरन म्हणे. गोष्ट इथवर आली का पार्बताबाई हात वर करे. बास. मंग बायांकडं पाहून म्हणे, हे माही रूथ. बाया माना डोलावत, सुभद्रा पुस्तक मिटवे, अन् उठून चहा ठेवे. त्या खोलीले बाहेरून ना कडी ना कुलूप. पण बाई अंदर बंद.

यंदाच्या उन्हाळ्यात जीवनचं स्थळ निघालं. परतवाड्याचा जीपवाला, चाळिशीचा, बायको वारलेली. पेशंट घेऊन दवाखान्यात येत जाये, तिथं वळख झाली. तोही ख्रिस्ती, त्यानं पास्टरच्या तोंडून रीतसर विचारणं पाठवलं. सासूलेही संग नेतो म्हणे.

बुढी म्हणाली, "सुनेच्या नवऱ्याच्या घरचं खाऊ का मी? मी याच खोलीतून निंघीन, अन् चौघांच्या खांद्यावर निंघीन."

झालं, विषय खतम. अन् सुभद्रा अडतीस वर्षांची.

तर त्या गुरुवारी तिनं वाचलं. अर्पा गेली, रूथ राहिली. बुढीनं हात वर केला. सुभद्रानं तो पाहिला, अन् पान उलटलं.

वाचतच गेली. पुढं तीच नामी सुनेले सांगते, बाई, न्हाय, धुय, चांगलं लुगडं नेस, अन् गावातल्या एका भल्या माणसाकडं जा, तुहं घर बसलं पाहिजे. सासूच सुनेचं लगन जमवते. सतरंजीवरच्या बायांले हे ठाऊक नव्हतं असं नाई. पण त्या खोलीत कोणी ते तोंडावाटे काढत नव्हतं.

वर्षालीनं रीतीप्रमाणं विचारलं, तू काय घेतलं.

"मी अर्पा घेतली," सुभद्रा म्हणाली.

"तिचं काय घ्यायचं वं? ती तं सोडून गेली."

"सासूनं जा म्हणलं म्हणून गेली. रडत गेली. देवानं तिले शाप देल्ला असं कुठं लिहेल नाई. मंग आपणच कावून तिले नावं ठेवतो?" अन् ती खाटेकडं वळली. "आत्याबाई, नामीनं सुनांले घडीघडी म्हणलं, जा बाई वापस. तुमी मले एक डाव तरी म्हणलं काय?"

बाया चहा न पिताच उठल्या.

गुरुवारची रात गेली, शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी बुढी कण्या खाता खाता म्हणाली, "जा."

सुभद्राले वाटलं, चमचा आणाले जा म्हणते.

"जा म्हणलं. नामीले जमते तं मले कावून नाई जमणार?"

अन् ते वरवरचं नव्हतं, भाऊ. बुढीनं स्वतः पास्टरले लगनाच्या होकाराचा निरोप धाडला. पेटीतलं कोरं पातळ काढायले लावलं, सुभद्राच्या अंगावर टाकलं.

रविवारी सकाळी आठले जीवन तिले लगनासाठी न्यायले जीप घेऊन आला. सुभद्राची बॅग दाराशी. वर्षाली दोन टाइम येऊन बुढीचं पाहणार होती, म्हणून सुभद्रा तिले कूस कशी बदलायची ते दाखवून राहिली होती. वर्षालीनं धरलं ते नेमकं मोडक्या खुब्याले. आता बुढी बोंबलते, असं सुभद्राले वाटलं. चार वर्षांत तिचा हात जराक इकडंतिकडं झाला तं बुढी सारा मोहल्ला जमवे. पण बुढीनं पदराचा बोळा तोंडात धरला, तोंड भिताडाकडं केलं. हूं नाई का चूं नाई.

"पाह्य, जमलं ना मले," वर्षाली म्हणाली.

सुभद्रानं बॅग उचलली, उंबऱ्यापर्यंत गेली. बुढीनं धरून ठेवलं होतं तवर झटका देऊन हात सोडवता आला असता. आता तिनंच सोडला. मंग सोडवता काय? बाई वापस फिरली. वर्षालीले बाजूले केलं, खुब्याखाली दोन्ही हात घातले, अन् बुढीले हळूच सरकवलं.

"गाडी उभी हाय ना," बुढी भिताडाकडंच पाहून म्हणाली. "जात कावून नाईस?"

"जाईन ना," सुभद्रा म्हणाली. "तुमी निजा."

जीवन बाहेर अकरा वाजेपर्यंत उभा होता. हॉर्न एक डाव वाजवला नाई त्यानं.

आता बुढी रूथचं नाव काढत नाई. तुह्या मनाचं वाच म्हणते. सुभद्रा वाचते. पण काय घेतलं ते सांगायची पाळी आली का म्हणते, पुढच्या गुरुवारी सांगीन.

गेल्या महिन्यात मेथी निवडता निवडता मले म्हणाली, भाऊ, परतवाड्याले गेले तं जीवनले सांगजा, वाट पाहू नको, दुसरी पाह्य. तीन डाव गेलो. तो स्टँडावर भेटते, चहा पाजते, ती कशी हाय विचारते. मी मेथीचा भाव सांगून वापस येतो. माह्यानं नाई होत.

तुमचं उद्या तिकडं जाणं हाय म्हणता. लांबलचक काई बोलू नका, अन् माहं नावही घेऊ नका. त्याचा चहा प्यायच्या आंधीच सांगून टाकजा, भाऊ.