वगळलेला डाग

आईला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि बाबा एकदम टवटवीत दिसायला लागले होते. मुलीच्या ते डोळ्यांत खुपलं.

कारण त्यांच्या जुन्या अवकाश संस्थेतून आलेला फोन. शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाने बावीस वर्षांपूर्वी पाठवलेली मूळ चित्रं तिथे नव्याने तपासली होती, आणि ढगांखालच्या जमिनीवर तापलेला ठिपका सापडला होता. ताजा लाव्हा. बाबा तेव्हा चित्रं तपासणाऱ्या गटाचे प्रमुख. आताच्या प्रमुखबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या विचारत होत्या, "लेखात पहिली नोंद कुणाची धरायची, सर?"

"माझीच की," बाबा म्हणाले. "शंका मला तेव्हाच आली होती. लिहूनच पाठवतो."

लिहिलेली दोन पानं त्यांनी मुलीपुढे टाकली. ती मुद्रितशोधक, लोकांच्या चुका काढण्यावर तिचं पोट. "भाषा तेवढी बघ. बाकी कशाला हात लावू नकोस."

तिने वाचलं. आईचा उल्लेख कुठेच नव्हता.

ती तेव्हा चौदा वर्षांची होती, तरी आईने घरी येऊन सांगितलेलं सगळं लख्ख आठवत होतं. शुक्र कायम ढगांत गुरफटलेला. पण रात्रीच्या बाजूला जमिनीची धग ढगांतून झिरपते आणि यानावरचा एक कॅमेरा ती टिपत असे. आलेली चित्रं निवडायचं काम आईचं, बाबांच्याच गटात. चांगली इकडे, खराब तिकडे. एका चित्रात तिला पांढरट ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही, जवळपास तिथेच. बाबांनी तीन चित्रं पाहिली आणि निकाल देऊन टाकला. "ढग चार दिवसांत अख्ख्या ग्रहाला फेरी मारतात. हा जागचा हलत नाही. कॅमेऱ्याचा दोष."

"पण सर, ही जमिनीची धग असेल. जमीन हळू फिरते," आई म्हणाली. ऑफिसात तीही त्यांना सरच म्हणायची. "एका फेरीला आठ महिने लागतात तिला. थोडे दिवस थांबून बघू या."

"मॅडमना गॅसवर काहीतरी राहिल्याची आठवण झाली वाटतं," बाबा म्हणाले. "धग, धग!"

सगळी खोली हसली.

आई मात्र थांबली. अठरा दिवस ती रोजच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून ठिपक्याची कड गिरवत राहिली. मग एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने ते कागद एकावर एक ठेवले आणि मुलीला बोलावलं. ठिपका एका बाजूला सरकत गेला होता, जमिनीच्याच संथ चालीने, आणि फिका होत गेला होता. "निवतोय बघ," आई म्हणाली.

त्या कागदांची फाइल ऑफिसात बाबांच्या टेबलावर गेली आणि परत आली. वरच्या कागदावर लिहिलं होतं: "दोष. वगळा." खाली बाबांची सही, तारीख. मूळ चित्रं साठ्यात तशीच राहिली, पण वापरायच्या सगळ्या प्रतींमधून तेवढी जागा पुसण्यात आली. त्या रात्री आईने घरातही हाक मारली, "सर, पान वाढलंय." पुढची बावीस वर्षं हेच. पाहुण्यांना ती गंमत वाटायची. नोकरी तिने वर्षभरातच सोडली.

मुलीने आईच्या कपाटातून ती फाइल काढून बाबांपुढे ठेवली.

"हे अजून जपून ठेवलं होतं तिने?" बाबा म्हणाले. त्यांनी फाइल उघडली नाही.

"पहिली नोंद तिची आहे, बाबा."

"अगं, शेवटी आभारात घालू ना तिला. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"राहिलेल्याला पडतो. म्हणून तर तुम्ही तिचं नाव देत नाही आहात."

"हा कागद छापला तर माझी सही छापली जाईल. कळतंय का तुला? चाळीस वर्षांच्या कामाचं एवढंच राहील मागे."

तिला कळत होतं. ट्रेसिंगवरच्या तारखा आईच्या अक्षरात होत्या, त्या मागाहून घातल्या असं कुणीही म्हटलं असतं. आई खरं बोलत होती याला साक्ष एकच, बाबांची सही आणि तिच्याजवळची तारीख.

दुसऱ्या दिवशी ती फाइल घेऊन संस्थेत गेली. प्रमुखबाईंनी वरचा कागद बराच वेळ हातात धरला.

"हे लावलं तर सरांचं काही उरणार नाही. तुम्ही मुलगी आहात त्यांची."

"दोघांची."

बाईंनी मान खाली घातली. "त्या दिवशी मीही हसले होते," त्या म्हणाल्या, आणि फाइल ठेवून घेतली.

लेख आला. पहिल्या नोंदीपुढे आईचं नाव होतं, नावाआधी 'कै.' आणि शेजारी त्या कागदाचं छायाचित्र. बाबांनी भिंग लावून स्वतःचीच सही पाहिली. मग पानं उलटी करून ठेवली.

"तिने तेव्हा नेटाने भांडायला हवं होतं," ते म्हणाले. "नुसते कागद पुढे करून काय होतं?"

मुलीने ती पानं पुन्हा सुलटी केली.

"झालं ना तुझं समाधान?"

"नाही," ती म्हणाली.