काळ्या दोऱ्याची शाल

प्राजक्ताकडे कपडे किती, असं कोणी विचारलं असतं तर तिला ते दोन हातांच्या बोटांवर मोजता आले असते. पण विचारतो कोण? अमरावतीच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये ती जीवशास्त्र शिकवायची, तिथल्या स्टाफरूमचं मत असं, की प्राजक्ता मॅडमकडे कपाटभर कपडे असणार आणि त्या मुद्दाम साधं घालत असणार. हा समज तिनं कधी खोडून काढला नाही. गोड लागणारा गैरसमज कोण खोडून काढतं?

खरं म्हणजे गाडगेनगरातल्या तिच्या भाड्याच्या खोलीत कपाटच नव्हतं. भिंतीला एक दांडी ठोकलेली होती आणि तिच्यावर तीन कुडते, मोतिया, काळा आणि बाटलीच्या काचेसारखा हिरवा. दोन पँटी, एक बारीक विणीचा काळा स्वेटर, एक मरून ओढणी. संपलं. पण एवढ्यावर ती अख्खा हिवाळा काढायची, आणि असा काढायची की सोमवारचं ध्यान गुरुवारी परत दिसलंय हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. अमरावतीची थंडी लबाड. सकाळी सातच्या बॅचला दात वाजतात आणि दुपारी एकला पाठीवरून घाम वाहतो. बाकीच्या बाया सर्कशीच्या रंगांचे जाड स्वेटर घालून यायच्या आणि दुपारी ते काखेत मारून फिरायच्या. प्राजक्ता काळा स्वेटर कुडत्याच्या आतून घालायची. वरून दिसायच्या फक्त बाह्या आणि गळ्याची एक पट्टी. गळ्याजवळ एकच रंग ठेवायचा आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा तिचा नियम. कपडे रात्री गादीखाली घडी घालून ठेवले की सकाळी इस्त्री केल्यासारखे निघायचे.

याचा तिला अभिमान होता, आणि तो असायला हरकत नव्हती. हरकतीची गोष्ट डिसेंबरात सुरू झाली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती एक नवीन जाकीट घालून आली. बिनबाह्यांचं, गुडघ्यापर्यंत लांब, पारव्याच्या पाठीसारखं राखाडी, आणि पुढच्या कडेला वरपासून खालपर्यंत बोटभर जांभळी रेघ. मोतिया कुडत्यावर ते असं बसलं, की गणिताच्या हर्षा मॅडम हातातला चहा विसरल्या.

"कुठून घेतलं गं? नागपूरहून?"

"शिवून घेतलं," प्राजक्ता म्हणाली. एवढंच म्हणाली. कापड कुठलं हे हर्षानं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

कापड तिच्या आईच्या कपाटातलं होतं.

अकोल्याच्या अलीकडे हायवेच्या फाट्यापासून आत तिचं गाव. वडील नत्थुजी झेंडू आणि शेवंती लावायचे, थोडा भाजीपाला लावायचे आणि माल अकोल्याच्या बाजारात न्यायचे. माणूस चार लोकांत उठबस असलेला, त्यामुळे समाजाचा मेळावा असो की ग्रामपंचायतीचा कार्यक्रम, नत्थुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरलेलाच. नारळाची चटणी व्हायची आणि शाल कपाटात जायची. मग गावात दुसऱ्या कोणाचा सत्कार निघाला, पाहुणा आला, व्याही आले, की त्यातलीच एक शाल बाहेर पडायची. वऱ्हाडात हे घरोघरी चालतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. धोका एकच, ज्यानं दिली त्याच्याच खांद्यावर ती परत जाण्याचा. प्राजक्ताची आई पार्वताबाई, हिला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं दोऱ्यांची युक्ती काढली होती. समाजाकडून आलेल्या शालीच्या कोपऱ्याला लाल दोरा, सोयऱ्यांकडून आलेलीला पिवळा, शाळा-पंचायतीच्या शालीला हिरवा. वीस वर्षांत एकही शाल चुकून माघारी गेली नव्हती.

आणि एका शालीला काळा दोरा होता. काळा म्हणजे ही कोणालाच द्यायची नाही.

हे प्राजक्ताला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लहानपणी तिनंच आईला सुईत दोरे ओवून दिले होते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं कपाट उघडलं, झगमगत्या जरीच्या सगळ्या शाली बाजूला सारल्या, तर तळाशी ही राखाडी. तिची नजर नेमकी साध्यावर जाणारी, ती गेली. काळा दोरा तिनं पाहिला. आईला विचारावं असं मनात आलंसुद्धा. पण आई फुलांच्या वाडीत होती, बस साडेचारची होती, आणि आपण काही बाहेरच्या नाही, घरातलं घरातच राहतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. आपल्याला हवं ते समजावून घ्यायला माणसाला वेळ लागत नाही. तिनं दातानं दोरा तोडला आणि शाल पिशवीत घातली.

अमरावतीतल्या टेलर मास्तरनं शाल टेबलावर पसरली, दोन बोटांत धरून पाहिली आणि कात्री हातात घेऊन थांबला.

"बेटा, चीज भारी हाये. कापू नक्की?"

"कापा," ती म्हणाली.

तीन आठवडे ते जाकीट मिरवलं. मोतियावर, काळ्यावर, हिरव्यावर. मग नाताळच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. प्राजक्ता स्टाफरूममध्ये होती, जाकीट अंगात होतं, आणि हर्षा मॅडम शेजारी बसून त्याच्या शिलाईचा फोटो काढत होत्या.

"प्राजू, माही ती राखाडी शाल तुले दिसली होती का व, दिवाळीत? काळ्या दोऱ्याची?"

"कोणती?"

"थे बाईची. इंदूबाईची." आणि मग पार्वताबाईनं, जी फोनवर कधी चार वाक्यांच्या पुढे जात नसे, सगळं सांगितलं. इंदूबाई म्हणजे गावच्या शाळेच्या मोठ्या बाई. अकरा वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या तेव्हा प्राजक्ता बारावीसाठी अकोल्याला होती. निरोपाचे हार पार्वताबाईनं केले होते आणि ती मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. भाषण संपल्यावर इंदूबाईंनी विचारलं, हे हार कोणी केले? तिला पुढं बोलावलं, आणि आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. नत्थुजींच्या सत्कारांचे हार आयुष्यभर गुंफणाऱ्या त्या बाईचा तो एकुलता एक सत्कार. तिनं ती शाल एकदाही वापरली नव्हती.

"आता तीन तारखेले सावित्रीबाईच्या जयंतीचा कार्यक्रम हाये न अकोल्यात. बायकाईनं माहं नाव काढलं, अन् इंदूबाईच्याच हातानं सत्कार हाये. म्हनलं तीच शाल घेऊन जाव. बाई पायतील तर खुश होतील."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं. पण हर्षाचा मोबाइल जाकिटाच्या कडेवर टेकलेला होता आणि प्राजक्ताच्या तोंडून अमरावतीची शुद्ध मराठी बाहेर पडली.

"नीट बघ, असेल तिथंच."

"सारं कपाट खाली केलं. तुह्याजवळ कोनी बसलं हाये काय? असी काहून बोलून राहिली?"

"काही नाही. क्लासमध्ये आहे."

"दिवाळीच्या साफसफाईले गंगूनं कपाट पुसलं होतं," आई हळूच म्हणाली. "पन थे काई तसी नाई."

गंगूबाई त्यांच्या वाडीत फुलं तोडायला यायची. प्राजक्ता चालायला लागली तेव्हापासून येत होती.

"मग विचारून बघ तिला," प्राजक्ता म्हणाली, आणि बॅच आहे सांगून फोन ठेवला.

हे ती का बोलली? फोन संपावा म्हणून. बाकी काहीही कारण नव्हतं. त्या क्षणी तिला गंगूबाईचा चेहरासुद्धा आठवला नाही. तो आठवला नंतर, वर्गात, फळ्यावर आकृती काढताना. मग मात्र जाकीट अंगाला काचायला लागलं. खोलीवर गेल्यावर तिनं ते दांडीवर न लावता गादीखाली ढकललं आणि स्वतःची तिला एवढी लाज वाटली, की त्या दिवशी आरशात पाहून तिनं केससुद्धा विंचरले नाहीत. तरी फोन तिनं केला नाही. उद्या करू म्हणता म्हणता पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी आईचाच फोन आला. "इचारलं मी गंगूले. तवापासून थे कामाले आली नाई. शेवंती झाडावर वाळून राहिली." आणि मग, "मले बरं नाई वाटून राहिलं, प्राजू."

एक जानेवारीला प्राजक्तानं रजा टाकली आणि अकोल्याची एसटी पकडली. पिशवीत जाकीट होतं आणि मास्तरनं परत दिलेली कापडाची कात्रणं होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. वाक्यं जुळवण्यात तिचा रस्ता संपला आणि फाट्यावर उतरेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक राहिलं नाही.

पार्वताबाई ओसरीवर हार गुंफत बसली होती. प्राजक्तानं पिशवी उघडून जाकीट तिच्यापुढे ठेवलं, त्याच्यावर कात्रणं ठेवली.

"मीच नेली होती, माय. काळा दोरा पाह्यला होता मी."

आईनं सुई बाजूला ठेवली. जाकीट उचललं, उलटं केलं, शिवण पाहिली. जांभळ्या काठावरून अंगठा फिरवला. शाल पाहिजे त्या जागी भोकं होती, बाह्यांची.

"चांगलं शिवलं," ती म्हणाली. मग एकेक कात्रण उचलून मांडीवर जुळवत बसली. प्राजक्ताला वाटलं, हिनं ओरडावं. दोन थापडा मारल्या तरी चालतील.

"शाल माही होती," पार्वताबाई शेवटी म्हणाली. "माह्याच पोरीनं कापली. थे मी पोटात घालीन. पन फोनवर तुले समदं माईत होतं, अन् तू मले म्हनली गंगूले इचार."

प्राजक्ता रडायला लागली, तर आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"घाल हे अंगात."

"काहून?"

"घाल म्हनलं न. अन् चाल गंगूकडे."

ऊन उतरायला लागलं होतं आणि हवेत गारठा येत होता. गल्लीतून जाताना दोन-चार बायांनी मान वळवून पाहिलं. एकीनं तर विचारलंच, कितीचं व जाकीट? मायलेकी चालत राहिल्या. हेच जाकीट घालून ती स्टाफरूमच्या दारातून शिरायची तेव्हा मुद्दाम थोडी सावकाश चालायची, हे प्राजक्ताला आठवलं आणि जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

गंगूबाई दारातच तूर निवडत होती. लुगड्यावर पुरुषी सदरा घातलेला, बाह्या मनगटापर्यंत. मेलेल्या नवऱ्याचा सदरा, वाडीत फुलं तोडतानाही ती तोच घालायची. तिनं पार्वताबाईकडे पाहिलं, मग प्राजक्ताच्या अंगावरच्या राखाडी कापडाकडे, आणि तिला सगळं कळलं. तरी प्राजक्तानं सांगितलं. अडखळत, पण काही न वगळता, फोनवरचं वाक्यसुद्धा.

"मले माफ करा, मावशी."

"बस," गंगूबाई म्हणाली आणि आत गेली. परत आली ती पत्र्याची पेटी ओढत. "तुह्या मायनं काई म्हनलं नोतं. इचारलं फक्त. मीच तिच्यापुढं पेटी उलटी केली. तिनं पाह्यलं, तू बी पाय."

पार्वताबाईनं मान फिरवली.

पेटीत दोन लुगडी होती, एक चोळीचं कोरं कापड होतं, आणखी दोन सदरे होते. सगळं एकावर एक, काठाला काठ लावून घडी घातलेलं. कोणत्या लुगड्यावर कोणता सदरा घालायचा हेही ठरलेलं असावं, कारण ते तसेच जोडीनं ठेवले होते. आणि सगळ्यात वर निळा स्वेटर. प्राजक्तानं तो लगेच ओळखला. तिचा शाळेचा, नववीतला. कोपरं फाटली म्हणून तिनंच तो गंगूबाईला देऊन टाकला होता. त्या कोपरांवर आता निळ्याच लोकरीनं इतकं बारीक रफू केलं होतं, की शोधावं लागत होतं.

गंगूबाईनं स्वेटर उचलला, झटकला, पुन्हा घडी घातली आणि प्राजक्ताच्या हातात ठेवला.

"हे तुमच्या घरचं हाये. घेऊन जा."

"मावशी, तुमालेच देला होता तो. थंडीचं दुसरं काय हाये तुमच्याजवळ?"

"नाई का असेना." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "उद्या अजून काई सापडलं नाई, तर तवा माह्या पेटीत तुमच्या घरचं काई नको."

मग ती पार्वताबाईकडे वळली. "मी येतो सकाळी. फुलाईनं कोनाचं काय केलं."

आणि सकाळी ती खरंच आली. प्राजक्ता वाडीच्या कुंपणापाशी उभी होती. शेवंतीवर दहिवर पडलेलं होतं. गंगूबाई सदऱ्याच्या बाह्या वर सारून ओल्या झाडांत हात घालत होती आणि मधेच थांबून बोटांवर फुंकर मारत होती. प्राजक्ताच्या हातात घडी घातलेला निळा स्वेटर होता. तिनं दोनदा हाक मारली. गंगूबाईनं मान वर करून पाहिलं, नाही म्हणून हात हलवला आणि पुढच्या ओळीत गेली.