पहिल्या रनचा कागद

तिने कडेला भोकं असलेला लांबलचक छापील कागद उलगडून बाकावर बसलेल्या सरांच्या मांडीवर पसरला. विभागातल्या जुन्या संगणकाची खोली रिकामी करताना तो कपाटामागे सापडला होता.

“अगं, हा अजून जिवंत आहे?” सरांनी चष्मा चढवला. “काय गारठा असायचा त्या खोलीत! स्वेटर घालून जगाचं तापमान मोजायचो आपण.”

“आणि डबा मशीनमागे ठेवून गरम करायचो.”

“गरम जेवलो म्हटलं की बायकोला वाटायचं, मी हॉटेलात जेवतो!”

दोघंही हसली. बत्तीस वर्षांपूर्वी हवामानाचं ते मॉडेल दोघांनीच उभं केलं होतं. वातावरणात दर चौरस मीटरला किती उष्णता अडकेल, याचे आकडे भरायचे. मग मशीन अकरा दिवस घरघरत पुढच्या पन्नास वर्षांचं तापमान काढायचं. पहिल्या रनची, म्हणजे गणिताच्या पहिल्या फेरीची, रेघ फारच वर गेली. अहवालात मात्र दुसऱ्या रनची, खालची रेघ छापली गेली. आता ती विभागप्रमुख होती. काल तिने गेल्या बत्तीस वर्षांचं प्रत्यक्ष मोजलेलं तापमान लाल पेनाने त्याच कागदावर उतरवलं होतं. पहिल्या रनच्या रेघेवर ते तंतोतंत बसलं होतं.

सरांचा अंगठा लाल रेघेवरून हळूहळू सरकत गेला. वाटेत दहादा घोकलेलं वाक्य तिने कसंबसं उच्चारलं.

“एवढा आकडा पाहून लोक हसतील, मॉडेलमधले ढग थोडे वाढवून पाहू, म्हणजे रेघ खाली येईल, असं मी म्हटलं होतं. तुम्ही माझं ऐकलंत.”

“अहवालावर सही कुणाची होती?”

“तुमची. पण सर—”

“मी तीन दिवस तो कागद टेबलावर घेऊन बसलो होतो,” सर म्हणाले. “कुणीतरी असं म्हणेल, याची वाट बघत. तू म्हणालीस, आणि माझा जीव भांड्यात पडला.”



“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तू दर महिन्याला येतेस. मला वाटलं, कळलं तर यायची थांबशील.”

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. सरांनी नजर वर केली नाही.

एवढ्या वर्षांत ती नेहमी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसत आली होती. आज ती उठली आणि बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.