मला शस्त्र म्हणाले ते एकटे आबा

मी एका सीलबंद पिशवीतून बोलत आहे. पिशवीवर एक क्रमांक लिहिला आहे आणि सध्या तेवढेच माझे नाव. मी बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा, आतून आरपार पोकळ, वरच्या अंगाला दोन खाचा. माझ्यासारख्याला नेमबाजीच्या पिस्तुलाच्या तोंडाशी बसवतात. गोळी सुटताना मागून येणारा वायू त्या खाचांतून वर निघून जातो, पिस्तुलाचे तोंड उसळत नाही आणि नेमबाजाचा हात शांत राहतो. हे काम करण्याची वेळ माझ्यावर कधीच आली नाही.

मला घडवले सुबोधने. तो सिंगापुरात, सेम्बावांगच्या बंदरावर जहाजांच्या यंत्रांचे काम पाहणारा इंजिनीअर. वुडलँड्सला त्याचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघरामागच्या जागेत त्याने एक छोटा लेथ, धातू कातायचे यंत्र, बसवला आहे. रविवारी तो क्लबात नेम धरायला जाई. त्याचे पिस्तूल तिथेच कुलपात राही आणि त्याला काहीही जोडायचे तर आधी विचारावे लागे. सुबोधने विचारले नाही. "आधी जमतंय का बघू, मग विचारू," असे तो स्वतःशीच पुटपुटला आणि लेथ सुरू झाला.

एरवी लेथचा कीस जमिनीवर सांडे आणि त्याची पत्नी अनघा त्याच्यावर चिडे. त्या दिवशी त्याने कण अन् कण कागदात गोळा केला आणि कागद खिशात घातला. मला तेव्हाच उमजायला हवे होते. ज्याचा कचराही लपवावा लागतो, त्याचा जन्म शुभ कसा म्हणावा?

अनघाने मला पाहिले तेव्हा तिने विचारले, "याला परवाना लागतो ना रे?"

"अगं, नुसता धातूचा तुकडा आहे. यातून गोळी सुटते का?"

"मग ड्रॉवरला कुलूप कशाला?"

त्याने किल्ली खिशात टाकली. त्यांचा पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज गेलेला होता. घरात त्याविषयी हळू आवाजात बोलत.

नवरात्रासाठी सुबोधचे वडील सांगलीहून आले. सगळे त्यांना आबा म्हणत. पहाटे स्नान, कपाळी गंध, देवापुढे टाळाच्या लयीत अभंग. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते टाळ न वाजवता नुसते हात हलवीत. त्यांचा आवाज कुलूपबंद ड्रॉवरमध्ये माझ्यापर्यंत पोहोचे. मला त्याची ओढ वाटे आणि भीतीही.

खंडेनवमीच्या सकाळी सुबोध घाईत ऑफिसला गेला. किल्ली कुलपातच राहिली. आबा पाट मांडून पूजेसाठी अवजारे गोळा करीत होते. पाना, पक्कड, अनघाची कात्री, नात इराचा लॅपटॉप.

"आबा, झेंडू कीबोर्डवर नको लाह! पाकळ्या आत जातील." इथल्या मुलांसारखे बोलण्यात 'लाह' जोडायची इराला सवय.

"देवीला तुझा पासवर्ड ठाऊक आहे गं, तिला कीबोर्ड लागत नाही."

इरा हसली. आबांनी ड्रॉवर उघडून मला उचलले. "आणि हे कशाचं?"

"पप्पांच्या मशीनचा पार्ट असेल. ठेवा ना, शाइनी आहे."

अनघा तेव्हा ऑफिसात होती. अडवणारे कोणी नव्हते. आबांनी मला पाटाच्या मधोमध ठेवले, हळद-कुंकू वाहिले आणि डोके टेकवून नमस्कार केला. त्या श्वासाची ऊब लागली आणि मला ओशाळल्यासारखे झाले. मी त्या नमस्काराचा धनी नव्हतो, आणि ते सांगायला मला मुख नव्हते.

मग त्यांनी फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला. खाली लिहिले, 'आमचे शस्त्रपूजन'. दरवर्षी ते हाच शब्द लिहीत. विळी असो की स्क्रू ड्रायव्हर, त्यांच्या लेखी या दिवशी सगळीच शस्त्रे. ज्या दोघांना मी काय आहे हे माहीत होते, त्यांनी मला तुकडा म्हणून चालवून घेतले. ज्यांना माहीत नव्हते, त्यांनी माझे खरे नाव लिहिले.

दुपारी सुबोध धापा टाकीत घरी आला, मागोमाग अनघा. क्लबातला त्याचा सोबती प्रबोध त्याच ग्रुपवर होता. त्यानेच फोन केला होता.

"आबा, तो फोटो काढा. आत्ताच्या आत्ता."

"काढला. पण चौघांनी पुढे पाठवलाय म्हणे. झालं काय एवढं?"

सुबोधने मी काय आहे ते सांगितले, आणि इथल्या कायद्यात अशा तुकड्यालाही शस्त्रासारखाच परवाना लागतो हेही. आबांनी मला पाटावरून उचलून तळहातावर घेतले.

"मी सेम्बावांगला समुद्रात टाकून येतो," सुबोध म्हणाला. "विसर्जन समजा."

"विसर्जन वाजतगाजत करतात, सुबोध. लपूनछपून बुडवायच्या वस्तूला ते नाव देऊ नकोस. चल, पोलिसांकडे नेऊन देऊ."

"आणि आपला अर्ज?" अनघाने विचारले.

आबांनी मला उपरण्यात गुंडाळले, कुंकवासकट.

पोलीस केंद्रातली अधिकारी तरुण होती आणि नम्र. तिने मला टेबलावर ठेवून विचारले, हे कोणाचे? आबांनी मुलाकडे पाहिले. मुलगा फरशीकडे पाहत होता. भिंतीवरचा टोकनचा आकडा बदलला, पुन्हा बदलला.

"माय पूजा, मॅडम," अखेर आबा म्हणाले. "माय फोटो."

ते खोटे बोलले नाहीत. जे त्यांचे होते तेवढे सांगून ते थांबले, उरलेले मुलाने सांगावे म्हणून. सुबोध गप्प राहिला. अधिकारी बाईने कागदावर आबांचे नाव लिहिले आणि त्यांचा पासपोर्ट मागून घेतला.

ती आत गेली तेव्हा सुबोध कुजबुजला, "आबा, तुमचं वय बघून तुम्हाला काही करणार नाहीत."

"माझं काय होतंय ते नाही बघत मी. तुझं काय होतंय ते बघतोय."

त्याला सहा दिवस झाले. आज दहा वाजता दोघांना पुन्हा बोलावले आहे. त्यानंतर मला तपासणीसाठी नेतील. माझ्या अंगावर लेथच्या रेघा आहेत. जाणकार त्या वाचतील आणि मी कोणाच्या हातचा हे त्यांना कळेल.

सुबोध, ते कळण्याआधी बोल. नंतर बोललास तर ती सापडलेल्या माणसाची कबुली ठरेल. 'हे माझे आहे', तीनच शब्द आहेत. ते उच्चारल्यावर अर्जाचे काय होईल, नोकरीचे काय होईल, मला ठाऊक नाही. न उच्चारल्यास तुझे काय होईल, ते मात्र मी त्या टेबलावरून पाहिले आहे.

दहा वाजत आले. बाहेरच्या बाकाशी आबांची काठी टेकल्याचा आवाज झाला. दुसरी पावले अजून ऐकू आलेली नाहीत.