किरकोळ जखमी

रंगाच्या कारखान्यातल्या जनसंपर्क अधिकाऱ्याला वार्ताहर मंडळी 'गोडबोले' म्हणत. आडनाव भलतंच होतं, पण गडी जिभेवर साखर घेऊनच जन्माला आला होता. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या वडिलांचा गुडघा, सगळं तोंडपाठ. अकरा वर्षांत एकाही वार्ताहराच्या हातात त्याने पाकीट ठेवलं नव्हतं, आणि याचा त्याला कोण अभिमान! "नाती जोडावी लागतात हो," तो सांगायचा. कशासाठी जोडायची, ते मात्र सांगत नसे.

मंगळवारी दुपारी कारखान्यात आम्लाची नळी फुटली. "तिघं भाजलेत," सुरक्षा अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं. नावं विचारायची गोडबोलेला सवय नव्हती. नाव कळलं की लिहिताना हात अडखळतो. त्याने चार ओळी खरडल्या आणि पाठवून दिल्या. तीन कामगार किरकोळ जखमी, उत्पादन सुरळीत. 'किरकोळ' हा त्याचा हुकमी शब्द. बोट कापलं तरी किरकोळ, बोट गेलं तरी किरकोळच.

सहा वाजता ताईचा फोन आला.

"अरे, तुझे भावोजी... दोन्ही डोळे गेले म्हणतात डॉक्टर."

याच भावोजींनी साहेबांकडे शब्द टाकून त्याला कारखान्यात चिकटवलं होतं.

"नळी गळतेय म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडत होते ते. कुणी ढुंकून बघितलं नाही. तेवढं पेपरात येऊ दे रे. नाहीतर उद्या यांचीच चूक म्हणून मोकळे होतील."

गोडबोलेने सगळ्यात जुन्या वार्ताहराला फोन लावला. याच्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी गोडबोले स्वतः दिवसभर दवाखान्यात बसून होता.

"बातमी बदलायचीय. गंभीर जखमी करा. आणि नळी महिनाभर गळत होती, तेही टाका."

"पान अजून हातात आहे, बदलतो की. कुणाच्या नावानं टाकू?"

"माझं नाव नको. सूत्रांकडून समजतं, असं घाला."

वार्ताहर हसला. "सूत्रांच्या नावानं काही छापू नका, आधी मला विचारा, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? अकरा वर्षं पाळलं. आता विचारतोय. टाकू तुमचं नाव?"

काचेपलीकडे साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी गोडबोलेकडे बघून हात हलवला. त्यानेही हलवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "आहे तसंच जाऊ द्या."

"बरं. घरी सगळे ठीक ना?" वार्ताहराने आपुलकीने विचारलं.

सकाळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा ताई पेपर मांडीवर धरून बसली होती. भावोजींच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

"आलास? छापून आलंय ना रे?" त्यांनी पावलांच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "हिला कधीचा म्हणतोय वाच, तर वाचतच नाही."

ताईने पेपर भावाच्या हातात दिला. तिने वाचला होता, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

गोडबोलेने बातमीवर बोट ठेवलं. घसा खाकरला.

"तीन कामगार गंभीर जखमी," तो वाचू लागला. "नळी महिनाभर गळत असल्याची तक्रार कामगारांनी वारंवार केली होती..." कुठेही न अडखळता, अगदी स्वल्पविरामासकट, त्याने नसलेल्या आठ ओळी वाचून दाखवल्या.

भावोजी उशीला टेकले. "बघ, म्हटलं नव्हतं तुला? आपला माणूस आहे तिथे. ते कात्रण जपून ठेव गं. चौकशीत दाखवायचंय."

ताईने भावाच्या हातातून पेपर काढून घेतला आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या चार घड्या घातल्या.